पयले त्याले पाहा

भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आधी माल लावायची एक रीत असते. निदान माझ्या बाबांच्या बाजारात होती. पालक, मेथी, सांभार घेऊन आलेल्याला सगळ्यांनी पुढे जाऊ द्यायचं, कारण उन्हं चढली की त्याचा माल मान टाकतो. वांगी, भेदरं मधे. कोहळंवाल्यानं सगळ्यांच्या मागे थांबायचं. कोहळ्याला काही होत नाही, ते आज नाही तर उद्या विकलं जातं. सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो आणि कोहळं म्हणजे लाल भोपळा, हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. आम्हाला तुमचे शब्द येतात, तुम्हाला आमचे येत नाहीत, त्याला इलाज नाही. ही रीत कुठे पाटीवर लिहिलेली नव्हती, पण कोहळ्याचं पोतं घेऊन कोणी पुढे घुसला तर सगळा बाजार त्याच्या अंगावर धावून जायचा.

काटेपूर्णेच्या काठाला आमची भाजीची वाडी. बाबा रोज पहाटे अकोल्याला माल घेऊन जायचे आणि ही रीत जरा जास्तच पाळायचे. स्वतःजवळ मेथी असली आणि शेजारच्याची मेथी अधिक कोमेजलेली दिसली, तरी बाजूला सरायचे. आई चिडायची. "तुमचा लंबर कधी येते काय हो?" असं विचारायची. बाबा म्हणायचे, "येते नं. सगळ्यायचा येते." आणि भाकरी खायला बसायचे.

मी ह्या घरातली थोरली मुलगी. नर्सिंग केलं, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली आणि मग अमरावतीला एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. तिथे मला ट्राएज शिकवावा लागतो. ट्राएज म्हणजे कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून, एकदम आलेल्या माणसांपैकी कोणाला आधी बघायचं आणि कोण थांबू शकतो, हे ठरवणं. लगेच हवं त्याला लाल, थोडं थांबेल त्याला पिवळा, बसून राहील त्याला हिरवा. हे काम नर्सचं असतं, कारण दारात पहिली तीच असते. पोरींच्या डोक्यात ते बसावं म्हणून मी बाबांचा बाजार सांगायचे. लाल म्हणजे पालक, हिरवा म्हणजे कोहळं. रंग उलटे, त्यामुळे पोरी हसायच्या आणि विसरायच्या नाहीत. बाबांना हे कळलं तेव्हा ते फार खूश झाले होते. "मंजे माहा बाजार कॉलेजात गेला म्हन," असं गावभर सांगत फिरले.

तेच बाबा अकोल्याच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीच्या बाकावर, बसल्या जागी गेले.

आम्हाला कळलं ते एवढंच. त्या दिवशी त्यांनी कोहळी नेली होती. उतरवता उतरवता छाती जड वाटायला लागली. शेजारच्या बागवानाला म्हणाले, माल पाहा, मी दवाखान्यात जाऊन येतो. ऑटोत बसून एकटेच गेले. पुढे धाकट्या भावाला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी कॉलेजात परीक्षेच्या हॉलवर होते, फोन बंद करून पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसलेली. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी बसच्या खिडकीला डोकं लावून एकच विचार करत होते, की त्या दारात जी सिस्टर होती तिनं त्यांना बघितलं कसं नाही. साठी उलटलेला माणूस, छाती जड, घामेजलेला. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरीनंसुद्धा त्यांना लाल दिला असता.

भावानं तक्रार लिहायला घेतली. तो वाडी बघतो, रागीट आहे, आणि राग आमच्याकडे वंशपरंपरेनं चालत आला आहे, फक्त बाबांना वगळून गेला. तेराव्याच्या आत त्याचा कागद तयार होता. फक्त नाव नव्हतं. दवाखान्यात विचारलं तर "ड्युटीवरचा स्टाफ" एवढंच उत्तर मिळालं. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्याच लाइनीतली आहे. तुले नाव भेटन. नाव दे, बाकी मी पाहातो." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. मलाही ते नाव हवं होतं. नावापेक्षा जास्त मला तिथे काय झालं ते हवं होतं. बाबा काही बोलले का, कोणी त्यांना पाणी दिलं का, की ते एका कोपऱ्यात नुसते बसून राहिले आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पीएच.डी.ला नाव मी त्याआधीच नोंदवलेलं होतं. विषय दुसराच होता, तो मी बदलला. आपल्या भागातल्या कॅज्युअल्टीत नर्सेस ट्राएज कसा करतात हे तपासायचं, आणि त्यासाठी आधी एक प्रश्नावली तयार करायची, कारण परदेशी प्रश्नावल्या आपल्या उपयोगाच्या नव्हत्या. तिथे पेशंट एकटा येतो. इथे एका पेशंटमागे जीपभर माणसं येतात आणि पेशंट सोडून सगळे बोलतात. माझ्या गाईड मॅडम अमरावतीच्याच, शिस्तीच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. विषय का बदलला ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. त्या बाबांच्या मातीलाही आल्या होत्या.

प्रश्नावली बनवणं म्हणजे काय, हे मला वाटलं होतं त्याहून फार वेगळं निघालं. मला वाटायचं, प्रश्न लिहायचे, छापायचे, वाटायचे. प्रत्यक्षात एकेका वाक्यावर महिने जातात. पहिला मराठी मसुदा आम्ही एका भाषांतरकाराकडून करून घेतला. त्यात एक वाक्य होतं, "तीव्रतेनुसार रुग्णवर्गीकरणाच्या कार्यपद्धतीचे अनुपालन आपण कितपत करता?" परतवाड्याच्या एका ओळखीच्या सिस्टरला ते वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोर्टात द्याचं आहे काय?" मी तो मसुदा तिथेच फाडला आणि सगळं पुन्हा स्वतः लिहायला बसले.

मग दुसरं संकट. सोपं लिहिलं तर सगळ्या जणी सगळ्याला "नेहमी" वर खूण करायला लागल्या. पेशंट आल्याबरोबर बघता का? नेहमी. नाडी बघता का? नेहमी. थांबलेल्याकडे परत जाऊन बघता का? नेहमी. त्यात त्यांचा दोष नव्हता. आमच्याकडे छापील कागद हातात आला की तो तपासणीचाच असतो असं सरकारी नोकरीत शिकवलं जातं, आणि तपासणीच्या कागदावर खरं कोण लिहितं? गाईड मॅडम कागद चाळत होत्या. चाळता चाळता वैतागून म्हणाल्या, "सगळ्याच नेहमी बघतात, तर मग माणसं बाकावर मरतात कशी?"

बोलून गेल्या आणि थांबल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी उठून स्वतःच्या हातानं मला पाणी दिलं. मग दोघी पुन्हा कामाला लागलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

उपाय त्यांनीच काढला. "किती वेळा करता" असं विचारायचंच नाही. एक छोटा प्रसंग सांगायचा आणि "तुम्ही काय करता" एवढं विचारायचं. म्हणजे असं: दारात एकाच वेळी दोघं आले, एका बाईला ताप आहे आणि नातेवाईक आरडाओरडा करताहेत, दुसरा म्हातारा गप्प बसला आहे. तुम्ही आधी कोणाकडे जाता? प्रसंगात माणूस खोटं बोलायला विसरतो. मी असे बरेच प्रसंग लिहिले. त्यांतला एक होता, "रुग्ण स्वतःच म्हणतो, 'मला घाई नाही, आधी त्याला बघा.' अशा वेळी तुम्ही काय करता?"

हे प्रसंग आम्ही तज्ज्ञांकडे पाठवले. प्रत्येकानं प्रत्येक प्रसंगापुढे तो आवश्यक आहे की नाही ते लिहायचं, जो बहुतेकांना अनावश्यक वाटेल तो गाळायचा, अशी पद्धत आहे. बाकीचे बहुतेक टिकले. हा मात्र जवळजवळ सगळ्यांनी उडवला. एकानं शेरा मारला, की असं वर्तन कुठल्याच अभ्यासात नोंदलेलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, की आजारी माणूस आपला नंबर सोडत नसतो. पुण्याचे असावेत. मला इतका राग आला की मी तो शेरा गाईड मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवला. वऱ्हाडात काय झालं विचारलं की छातीत खिळा ठोकला असला तरी माणूस आधी "काई नाई" म्हणतो, मग पाणी मागतो, मग तिसऱ्या वेळी विचारलं तर सांगतो. आपण दुसऱ्याच्या आधी पाहून घेतलं असं कोणी म्हणू नये, याची त्याला जिवापेक्षा जास्त काळजी असते.

"हा प्रसंग तुम्हाला कुठून सुचला?" गाईड मॅडमनी विचारलं.

"असाच," मी म्हणाले. खरंच मला त्याहून जास्त माहीत नव्हतं. बाबांनी त्या दिवशी काय केलं असेल ते मी त्यांच्या स्वभावावरून ताडलेलं होतं, एवढंच. मॅडमनी पेन्सिलीनं त्यापुढे लिहिलं, "तूर्त ठेवा. नर्सेसना विचारून ठरवू."

विचारायचं म्हणजे नर्ससमोर बसायचं, तिनं एकेक प्रसंग मोठ्यानं वाचायचा आणि मनात येईल ते बोलत बोलत उत्तर द्यायचं. आपण फक्त ऐकायचं. वाक्य कुठे अडतं, कुठला शब्द वेगळा समजतो, ते असं कळतं. त्यासाठी अकोल्याचा दवाखाना मीच सुचवला. तोच. मॅडम म्हणाल्या, नको. मी म्हणाले, हवा. शेवटी नीतिमत्ता समितीपुढे मी सगळं सांगितलं, की माझे वडील तिथे वारले आहेत. त्यांनी अट घातली. मी तिथे फक्त वाक्यं तपासायची. कुठल्याही खऱ्या घटनेबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. आणि प्रत्येकीला सुरुवातीलाच सांगायचं, की या खोलीत बोललेलं या खोलीबाहेर नावानिशी जाणार नाही. मी सही केली. भावाला ह्या अटी सांगितल्या नाहीत. तो नुसतं विचारत होता, "चालली नं तू तिथं? मंग झालं."

मे महिन्यातलं अकोलं ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू. दवाखान्यानं मला ड्रेसिंगच्या खोलीशेजारची एक लहान खोली दिली होती. त्यात एक कूलर होता, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. खोलीत जायला कॅज्युअल्टीतूनच जावं लागायचं. भिंतीला लागून लोखंडी बाक होता. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले आणि नेमकं त्याच्याकडेच बघितलं. त्यावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला जागा करून द्यायला पाय आखडले. मी नको म्हटलं आणि आत गेले.

इन्चार्ज सिस्टर ज्यांना सवड होईल त्यांना एकेक करून पाठवायच्या. पोरी मोकळेपणानं बोलायच्या. त्यांनी माझी निम्मी वाक्यं सुधारून दिली. आणि त्या एका प्रसंगाशी आल्या की प्रत्येक जण थांबायची. एक हसली आणि म्हणाली, "हे त रोजचंच आहे, मॅडम." दुसरी म्हणाली, की म्हातारी माणसं असं म्हणाली की बरं वाटतं, तेवढाच एक जण कमी. मग स्वतःच्याच बोलण्यानं चपापली आणि म्हणाली, "हे लिहू नका." मी लिहिलं नाही. मनात मात्र म्हटलं, कुठे आहेत ते तज्ज्ञ.

ती आली तेव्हा दुपार होती. मूर्तिजापूरकडची, तिशीच्या आतली, ड्युटी संपवून आलेली. मी तिला नेहमीची वाक्यं सांगितली, या खोलीतलं नावानिशी बाहेर जाणार नाही वगैरे. तिनं मान हलवली. पहिले प्रसंग तिनं भराभर केले. हुशार होती, पटकन पकडायची. मग तो प्रसंग आला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "मला घाई नाही, आधी त्याला बघा." आणि ती गप्प झाली.

अशा वेळी आपण बोलायचं नसतं. मी बोलले नाही.

"मॅडम, मी आता अशायचा पयले हात धरते," ती म्हणाली. "कोणी म्हटलं का मले घाई नाही, का मी त्याचं मनगट सोडतच नाही. मंग त्यानं कितीही म्हटलं." थोडं थांबून म्हणाली, "पयले नव्हती करत."

मी अटीला बांधलेली होते. का, असंसुद्धा विचारू शकत नव्हते. तिनंच पुढे सांगितलं.

"एक बाबा आले होते. भाजीबाजारातून आलेले दिसत होते, सदऱ्याले माती होती, खांद्यावर दुपट्टा. एकटेच. मी इचारलं काय झालं बाबा, त म्हणे काई नाई, माय, जरासं जड जड वाटून राहिलं. मी हात धरलाच होता त्यायचा. तेवढ्यात जीप पलटलेले लोक आले. एक पोट्टा होता, रक्तानं भरलेला, त्याची माय बोंबलून राहिली होती. बाबानं आपला हात सोडवून घेतला. म्हणे, पयले त्याले पाहा. मी म्हटलं, बाबा, तुमचं एक मिनिट पाहू द्या. त मले म्हणे..." ती अडखळली. "काय म्हणे ते मले आजलोक समजलं नाही. म्हणे, मी त कोहळं आहो माय, मले काई होत नाई. तो पोट्टा पालक आहे. जाय, त्याले पाहा."

कूलरचा आवाज चालू होता. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"मोठं माणूस सांगून राहिलं, मी ऐकलं," ती म्हणाली. "घरी असंच शिकवलं नं. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाबाहेर जाऊ नाही. आणि हसून बोलले ते, मॅडम. हसून बोलणारं माणूस मरत असते काय? मी पोट्ट्याकडे गेली. त्याले फक्त डोक्याले लागलं होतं. डोकं फुटलं का रक्त लय येते. टाके घातले, घरी गेला तो. मी परत आली त बाबा भिताडाले टेकून होते. मले वाटलं डोळा लागला. आम्ही सगळं केलं, मॅडम. सगळं केलं. नाही आले ते."

मी रडत होते हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "मॅडम, तुमी काहून..." असं म्हणता म्हणता ती थांबली. माझ्या तोंडाकडे नीट बघायला लागली. मी बाबांवर गेले आहे, सगळे म्हणतात. ती खुर्चीतून उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, बाहेर न जाता.

"ते माझे बाबा होते," मी म्हणाले.

"मंग आता माहं नाव..."

"नाही. सुरुवातीला सांगितलं ना तुला. तुझं नाव या खोलीबाहेर जाणार नाही."

तिला माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही, कारण तेव्हा ते खरं नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला राग आला होता, आणि तो तिचा नव्हता. इतके महिने मी जो राग अनोळखी बाईसाठी जपून ठेवला होता तो सगळा बाबांवर गेला. आयुष्यभर त्यांनी माल ओळखण्यात चूक केली नाही. लांबून मेथी बघून सांगायचे किती वेळ टिकेल. आणि स्वतःला मात्र कोहळं समजले. हसत हसत तिच्या हातातून हात सोडवून घेतला. मला वाटलं त्यांना गदगदा हलवावं आणि विचारावं, आमचा नंबर कधी येणार होता, बाबा? आईचा, भावाचा, माझा?

मग तिनं दाराशी उभं राहूनच विचारलं, "मॅडम, ते कोहळं काय होतं?"

मी तिला बाजाराची रीत सांगितली. पालकवाला पुढे, कोहळंवाला मागे. त्या दिवशी त्यांनी कोहळीच नेली होती, हेही सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. "मले वाटलं होतं, बाबा भ्रमात बोलून राहिले," ती म्हणाली. "मंजे ते शुद्धीवर होते. त्यायनं इचार करून म्हटलं."

"हो. विचार करून."

ती माझ्याजवळ येऊन बसली. बाहेरून कोणीतरी सिस्टर, सिस्टर अशी हाक मारली. तिची ड्युटी संपली होती, तरी ती उठून गेली. परत आली नाही. मी तिचा कागद बाजूला ठेवला. तो माझ्या अभ्यासात मी घेतलेला नाही, गाईड मॅडमना फक्त एवढंच सांगितलं की एक मुलाखत बाद धरावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाद धरली. इथे लिहिते आहे ते तिला विचारून.

तो प्रसंग मात्र प्रश्नावलीत राहिला. इतक्या जणी त्याच्यापाशी थांबल्या होत्या, की तज्ज्ञांनाही काही बोलता आलं नाही. फक्त शब्द बदलले. "रुग्ण" काढून "पेशंट" केलं आणि खाली खुणा करायचे पर्याय न देता कोरी जागा सोडली.

त्या संध्याकाळी मी अमरावतीला गेले नाही. गावी गेले. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी वाडीत मेथीच्या जुड्या बांधत होता. मला बघून तो उठला नाही. खाली मान घालूनच विचारलं, "नाव भेटलं काय, ताई?"

"भेटलं," मी म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही.

त्यानं मान वर केली. "सांग."

"नाई सांगत."

"काहून?" तो उभा राहिला. "काहून नाई सांगत? तुह्या लाइनीतली आहे म्हणून? आपला बाप मेला तिथं बसून, आणि तू..."

"तिनं हात धरला होता बाबाचा," मी म्हणाले. "बाबानं सोडवून घेतला. एका पोट्ट्याले लागलं होतं. तिले म्हणे, पयले त्याले पाहा. मी कोहळं आहो, तो पालक आहे."

भावाला काही समजावून सांगावं लागलं नाही. साऱ्या जगात आम्ही दोघं आणि आई, एवढ्याच माणसांना ते वाक्य ऐकल्याबरोबर कळलं असतं. बाबा ते कसे म्हणाले असतील, दुपट्टा कसा सावरला असेल, ते त्याला दिसलं, हे मला दिसलं. तो खाली बसला. हातातली जुडी सुटली होती, ती त्यानं गोळा केली, पुन्हा बांधायला घेतली, आणि बांधता येईना म्हणून तशीच मांडीवर धरून मोठ्यानं रडायला लागला. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता.

मी त्याच्या शेजारी बसले. उरलेली मेथी मी बांधली. नाव त्यानं पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. उठताना एवढंच म्हणाला, "माल ओळखता येत होता नं बाबाले, ताई. मंग सोताले काहून नाई ओळखलं?"